पोचवून देणारे टेंभुर्णे सर

आमच्या कॉलेजात टेंभुर्णे सरांना रस्ता विचारायचा नाही, असा अलिखित नियम आहे. कारण सर रस्ता सांगत नाहीत, सोबत येतात. परीक्षा विभाग कुठे आहे असं विचारून बघा. सर हातातला खडू खाली ठेवतील, वर्गाला "बसा, आलोच" म्हणतील आणि तुमच्याबरोबर थेट परीक्षा विभागाच्या खिडकीपर्यंत चालत येतील. तिथल्या बाबूला "पाहुणे आहेत, पाहून घ्या जी" असं सांगतील, तुमचं काम होईपर्यंत बाकावर बसून राहतील आणि मग तुम्हाला फाटकापर्यंत सोडतील. तोवर इकडे त्यांचा तास संपलेला असतो. मुलांची याबद्दल काहीच तक्रार नव्हती. तास सुरू झाला की एखादा अनोळखी माणूस गाठून त्याला सरांच्या दारात उभा करायचा, हा उद्योग दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी चांगलाच वाढवला होता.

मी त्याच कॉलेजात गणित शिकवते आणि स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारच्या टेबलावर बसते. माझा स्वभाव बरोबर उलटा. मी आयुष्यात कुणाला रस्ता विचारलेला नाही. चुकेन, पण विचारणार नाही, हा माझा बाणा. या बाण्यापायी मी एकदा साकोलीला मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून गेले आणि भलत्याच लग्नात आहेर देऊन, जेवून परत आले. जेवण चांगलं होतं, त्यामुळे मी ती गोष्ट फार मनाला लावून घेतली नाही.

सर कॉम्प्युटर शिकवतात. नाव शालिक टेंभुर्णे. अंगात पांढरा फुल शर्ट, पायात चपला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी'. 'मी आहो ना जी' हे त्यांचं पालुपद. प्रिंटर अडला, मुलगा नापास झाला, चहात साखर कमी पडली, कशालाही त्यांचं उत्तर तेच. गेलेल्या गोष्टी गेल्या, हे त्यांना मान्य नसतं. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला इतकी वर्षं झाली, तरी तो त्यांच्या बोलण्यात अजून 'आपल्याच जिल्ह्यात' असतो.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, की बोटाने दाखवून काम भागत असताना एवढी पायपीट कशासाठी? सरांना माझा प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "मॅडम, पाहुण्याले रस्ता सांगत नाही जी. पोचवून देतात."

हे त्यांच्या वडिलांचं शिक्षण. सरांचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. त्या जुन्या गावात कुणाकडेही कुणीही येवो, निघताना त्याला शिवेपर्यंत सोडायला सरांचे बाबा जायचे. लस टोचायला आलेली नर्स, भांडी विकणारा, कुणाचा जावई, कुणालाच सूट नव्हती. धरणाची मोजणी करायला साहेब आले, त्यांनाही बाबांनी पाणी पाजलं आणि शिवेपर्यंत पोचवलं. पुढे त्या मोजणीप्रमाणे गावही बुडालं आणि शीवही. सर हे हसत हसत सांगायचे, म्हणून मीही हसले.

सरांच्या या नियमाला एक अपवाद होता. दिवस कलायला लागला की सर कुणालाही पोचवत नसत. पिशवी उचलून बसकडे निघत. अशा वेळी साक्षात संस्थाचालकांनी रस्ता विचारला तरी "उद्या या जी" म्हणून मोकळे होत. घरी बायको नाही, मूल नाही, मग एवढी घाई कसली, यावर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. कुणी म्हणे टीव्हीवरची मालिका पाहतात, कुणी म्हणे शिकवण्या घेतात. मी मालिकेच्या बाजूने होते.

आमचं कॉलेज भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना लागतं. पूर्वी तिथे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती. ती सपाट करून एकाच नमुन्याच्या पिवळ्या इमारती उभ्या केल्या आणि वर्गांना कुणी तरी मनाला येतील तसे नंबर दिले. नवीन मूल तिथे चुकणारच. त्या वर्षी करडी गावची एक मुलगी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आली आणि या इमारतीतून त्या इमारतीत फिरत राहिली. लाजेमुळे कुणाला विचारलं नाही. सापडेपर्यंत परीक्षा निम्मी उरकली होती. नेमके त्या दिवशी टेंभुर्णे सर रजेवर होते. घरी बाबांची तब्येत बरी नव्हती म्हणे. परत आल्यावर त्यांना हे कळलं तेव्हा ते डबा न उघडताच बसून राहिले.

प्राचार्यांनी ठरवलं की कॉलेजचं एक ॲप करायचं. फोन हातात धरला की फोनच रस्ता दाखवेल. काम दिलं टेंभुर्णे सरांना. काट्याने काटा काढायचा, असा त्यांचा हिशेब असावा. अट अशी, की तपासणीसाठी समिती येईल तेव्हा नवख्या माणसाने नुसत्या फोनवर, कुणालाही न विचारता, एकट्याने पोचून दाखवायचं. नाही जमलं तर काम नागपूरच्या कंपनीला जाईल, आणि सरांची नेमणूक वर्षावर्षाची असल्यामुळे पुढचं पुढे पाहू. सर नाही म्हणतील अशी आमची खात्री होती. पण ते एकदम खुलले. "म्हणजे माणूस एकटाच पोचला पाहिजे, नाही का जी?" असं त्यांनी प्राचार्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. ज्याने जन्मात कुणाला एकटं चालू दिलं नाही, त्याला यात एवढं काय सापडलं, ते मला कळेना.

ॲप तयार झालं आणि चाचण्या सुरू झाल्या. पहिली चाचणी नागपूरहून आलेल्या एका मुलीवर. फोन तिला म्हणाला, बोडीपाशी उजवीकडे वळ. बोडी म्हणजे आमच्याकडे शेतातलं लहान तळं. ती बोडी बुजवून तिथे गाड्या लावायची जागा केलेली आहे, पण आम्ही सगळे त्या जागेला अजून बोडीच म्हणतो. मुलगी पाणी शोधत शोधत कुंपणापलीकडे शेतात गेली. सरांनी बोडी काढली आणि 'जेवत्या हाताला वळा' असं घातलं. दुसरा मुलगा पक्का डावखुरा, जेवणही डाव्या हातानेच. तो आज्ञाधारकपणे वळला आणि मुलींच्या वसतिगृहाच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याला सोडवून आणायला सरच गेले.

शिवाय फोनमधला आवाज सरांचाच. "चाल बाबू, सावकाश. ऊन आहे. पहिले पाणी पिऊन घे." मुलं पाणी प्यायला कँटीनमध्ये जात आणि तिथेच बसत. "घाई कायले करतं" असं फोनच म्हणतो, हा त्यांचा बचाव.

पण खरी अडचण सर स्वतः होते. चाचणीत मागून चालायचं, बघायचं आणि गप्प राहायचं, एवढंच काम. सर "एकदम चूप, जी" असं कबूल करत आणि मूल चुकीच्या जिन्याकडे वळलं रे वळलं, की त्यांच्या तोंडून "अरे बाबू, इकडे" निघायचंच. चाचणीत सगळी मुलं पोचत होती. फोनमुळे एकही नाही.

शेवटी मी मध्ये पडले. माझी कामाची शिस्त घरातून आलेली. आमच्याकडे हातमाग होते आणि मागावर बसून फार बोलणाऱ्याला माझी काकू तोंडात पाण्याची चूळ धरायला लावायची. मी सरांना तोच उपाय सांगितला. मी चिडून बोलले होते, पण दुसऱ्या दिवशी सर पाण्याची बाटली घेऊनच आले. पुढे मूल आणि फोन, मागे गाल फुगवून सर. वाटेत कुणी "जयभीम सर" म्हणालं की थांबून घोट गिळायचा, जयभीम करायचा, नवी चूळ भरायची आणि पुन्हा मागे धावायचं. आठवडाभर कॉलेजला दुसरी करमणूक लागली नाही. मात्र मुलं आता खरोखर फोनवर पोचायला लागली.

मग आवाज बदलायचं ठरलं. सर म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज घेऊ. तुम्ही कोनाचे लाड करत नाही." हे मी कौतुक समजून घेतलं. 'डावीकडे वळा', 'जिना चढा', 'पोचलात' अशी वाक्यं मी भराभर बोलून दिली. उठणार तेवढ्यात सरांनी आणखी काही वाक्यं पुढे केली. 'हातपंप आला का जी? आता कुणीकडे वळायचं?' 'विहार आलं का?' 'मी थकले जी, जरा थांबू का?'

मी म्हटलं, सर, कॉलेजात हातपंप नाही, बुद्धविहार नाही. आणि ॲप रस्ता दाखवायला असतं, विचारायला नाही. जी बाई जन्मात कुणाला रस्ता विचारत नाही, तिच्या तोंडी हे कशाला? सर खाली बघून म्हणाले, "टेस्टिंगसाठी जी. एकदा बोलून द्या." त्यातही त्यांनी 'मी थकले जी' तीनदा बोलायला लावलं. पहिल्या दोन वेळी मी थकल्यासारखी वाटत नाही म्हणे. तिसऱ्या वेळी मी खरीच थकले होते.

समिती आली. नवीन मुलं फोन घेऊन सुटली आणि पोचलीसुद्धा. पण समितीचे अध्यक्ष काही केल्या प्रसन्न होईनात. मुलं पढवलेली असतील, अशी त्यांना शंका. तेवढ्यात त्यांना लघुशंका लागली. कुणाला विचारणं प्रतिष्ठेला धरून नव्हतं, म्हणून ते गुपचूप एक फोन उचलून बाहेर पडले. त्यांच्यामागे थोडं अंतर ठेवून टेंभुर्णे सर, तोंडात पाणी. अध्यक्षांनी वळून पाहिलं आणि यांची दाढ सुजली आहे असं समजून सहानुभूतीने मान हलवली. परत आले ते हसतच. "एकटा गेलो, एकटा आलो," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ॲप मंजूर झालं आणि सरांची नेमणूकही.

लगेच सत्कार ठरला. पण दिवस कलला होता आणि सर बसमध्ये जाऊन बसले होते. शाल-श्रीफळ कुणी तरी नेऊन द्यावं असा ठराव झाला आणि ते अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी सुटी होती. उन्हं उतरल्यावर मी स्कूटीच्या डिकीत नारळ आणि शाल टाकून सरांच्या गावाला निघाले. आज त्यांची मालिका पकडायचीच, असाही एक हेतू मनात होता.

धरणग्रस्तांसाठी वसवलेलं ते नवं गावठाण. रस्ते सरळ, गल्ल्या सारख्या, घरं एका मापाची. मी एका गल्लीत शिरले आणि तिसऱ्यांदा त्याच कडुनिंबाच्या झाडापाशी बाहेर आले. बाणा बाजूला ठेवला, गाडी उभी केली आणि दारात शेंगा सोलत बसलेल्या एका बाईला सरांचं घर विचारलं. तिने सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि उठली. "चाला जी," म्हणाली. पोचवून देण्याचा रोग एकट्या सरांचा नव्हता तर.

मी गाडी ढकलत तिच्याबरोबर गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा धरणाच्या पाण्याकडून एक म्हातारा येताना दिसला. धोतर, टोपी, हातात काठी, बंडीच्या खिशात फोन. त्याच्यामागे बरंच अंतर ठेवून, भिंतीच्या कडेकडेने टेंभुर्णे सर. गाल फुगलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात बाईने माझा हात दाबला.

"हाक नोका मारू मॅडम. म्हाताऱ्याले मालूम नाही, पोरगा मागं हाय म्हनून."

मग तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. बाबांना आताशा आठवत नव्हतं. रोज संध्याकाळी ते बुडालेलं गाव बघायला पाण्यापाशी जात आणि परतताना या सारख्या गल्ल्यांमध्ये हरवत. सर हात धरून न्यायला लागले, तर म्हातारा रुसला. साऱ्या दुनियेला पोचवणाऱ्याला कुणी पोचवावं, हे त्याला सोसेना. घराबाहेर पडणं बंद केलं, मग जेवणही कमी केलं. आणि मग सरांनी हा फोन आणला.

म्हातारा हातपंपापाशी आला आणि त्याच्या खिशातून माझा आवाज आला, "हातपंप आला का जी? आता कुणीकडे वळायचं?"

"आला ना माय," म्हातारा खिशाकडे मान वाकवून म्हणाला. "आता जेवत्या हाताले. येत राय."

आणि तो बरोबर वळला. जुन्या गावात जसा रस्ता दाखवत असेल, तसा ताठ मानेने. पुढच्या वळणावर मात्र तो घोटाळला आणि भलत्याच गल्लीत शिरला. लगेच माझाच आवाज म्हणाला, "मी थकले जी, जरा थांबू का?"

"थांब माय, थांब. दम खाय," म्हणून म्हातारा जागच्या जागी उभा राहिला. तेवढ्यात एका अंगणातून कुणी तरी बादली घेऊन सहज बाहेर आल्यासारखं आलं आणि "बाबा, विहाराकडं चालले काय? मीबी तिकडंच येतो" म्हणून दोन पावलं सोबत चाललं. अख्खं गाव त्या नाटकात होतं. सर मागे भिंतीला टेकून उभे होते. कॉलेजात एक शब्द ज्याच्या पोटात राहत नाही, तो माणूस रोज संध्याकाळी बापामागे तोंडात पाणी धरून चालत होता. म्हातारा पुढे निघाला तशी मीही गाडी ढकलत मागे गेले.

घरी पोचल्यावर बाबांनी मला पाहिलं. "या बाई. आत्ताच फिरून आलो. एकटाच. म्हणजे एक बाई होती सोबत, तिले घरं दाखवत होतो. नवीन हाय गावात."

मी "नमस्कार" म्हणाले. म्हाताऱ्याने चमकून खिशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सर दारात उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत एवढी काकुळती मी कधी पाहिली नव्हती. मी तोंड मिटलं ते मिटलंच. चहा झाला, शाल झाली, बाबांनी शालीचं सूत बोटांनी तपासून पाहिलं, आणि मी प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवली. ही बाई मुकी आहे की काय, असं बाबांनी सरांना हळूच विचारलं. सर म्हणाले, "फार कमी बोलते जी." कॉलेजात हे ऐकून लोक लोळले असते.

निघाले तर बाबा काठी घेऊन उठले. पाहुणी आहे, शिवेपर्यंत सोडायला नको? सरांनी पाण्याच्या गुंडाकडे जाऊन निमूटपणे चूळ भरली. बाबा पुढे, त्यांच्या शेजारी मी गाडी ढकलत, मागे भिंतीच्या कडेने सर. मला कुणी पोचवलेलं आवडत नाही. त्या संध्याकाळी मी सावकाश चालले. गावठाणाची पाटी लागते तिथे बाबा थांबले. तीच आता त्यांची शीव असावी.

"इथून सरळ रस्ता हाय बाई. येत जा," ते म्हणाले.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी खिशावर थाप मारली, "चाल माय, तुले घरी नेतो," आणि परत वळले. जरा पुढे गेल्यावर माझ्या आवाजाने त्यांना विचारलं, विहार आलं का? ते थांबून तिला सांगायला लागले. सर पाटीच्या खांबाआड उभे होते. त्यांनी फुगवलेल्या गालांनीच हात जोडले आणि बापामागे निघाले.

माझ्या हातात किल्ली होती. पण स्कूटीच्या आवाजात त्यांना तिचं विचारणं ऐकू आलं नसतं, म्हणून ते हातपंपापाशी वळेपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.